सेकंडचा माल

गोल पेन्सिलीचा होता. फार नीटही नव्हता. अंड्यासारखा, वरच्या बाजूला थोडा उघडा राहिलेला. पण मॅडमनी तो माझ्यादेखत काढला, सावकाश काढला, आणि काढून झाल्यावर शेजारच्या मॅडमना कोपरानं खुणावून दाखवला. गोलाच्या आत एकच शब्द होता. मराठी. 'वडिलांच्या शिक्षणाचे माध्यम' या रकान्यात मीच माझ्या बऱ्यापैकी अक्षरात लिहिलेला.

ही गोष्ट मंगळवारची. आज रविवार. बायको म्हणते, आता विसरा. तिच्या रकान्यात 'सेमी-इंग्लिश' होतं, तिला गोल नाही. तिला विसरायला काय जातंय?

मुलगी यंदा पहिलीत जाणार, म्हणून आम्ही होटगी रोडवरच्या त्या शाळेत गेलो होतो. "मुलाखत नाही हं, इंटरॅक्शन," असं काउंटरवरच्या मुलीनं आधीच बजावलं होतं. पाचशे रुपयेसुद्धा अर्जाचे नव्हते, माहितीपुस्तिकेचे होते. पुस्तिकेत पोहण्याच्या तलावाचा फोटो आहे. सोलापुरात! जिथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक रजा टाकतात, तिथं.

आत दोन प्रश्न झाले. मला विचारलं, "व्हॉट इज युअर व्हिजन फॉर द चाइल्ड?" मी म्हणालो, "तपासून घेतली मॅडम, दोन्ही डोळे नॉर्मल आहेत." हा मी मुद्दाम केलेला विनोद होता असं बायकोला सांगितलंय. तुम्हालाही तेच सांगतो. मग मुलीला निळा कागद दाखवून रंग विचारला. ती म्हणाली, "चिंतामणी." आणि ते बरोबर होतं. आमच्या आईच्या कपाटातल्या साड्यांवर पोरगी रंग शिकली आहे. श्रीखंडी, अबोली, डाळिंबी, मोरपंखी यांतला फरक तिला झोपेत उठवून विचारा. मॅडमनी कागदावर लिहिलं, 'ब्लू – नो.' त्यानंतर माझ्या अर्जाकडे वळल्या आणि तो गोल काढला.

बाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. बायको मुलीला घेऊन घसरगुंडीकडे गेली आणि मी बाकावर टेकलो. तिथं आधीपासून एक अप्पा बसले होते. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, कानावर लाल-निळी पेन्सिल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाजारात विचारतात तसं विचारलं, "कितीत बसलं?"

"अजून कुठं? आत्ता नुसतं बघितलं."

"मग तोंड असं का करूलालाव? नापास केलं काय?"

"मुलीला नाही. मला." आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला मी गोलाची गोष्ट सांगून टाकली. अप्पांनी ती फार गंभीरपणे ऐकली. पूर्ण बंद होता की तोंड उघडं होतं, असंही विचारलं.

"आमच्याकडं गोल म्हणजे डाग," ते म्हणाले. "टॉवेल मागावरनं उतरला की चेकिंगला जातोय. धागा तुटलेला, पाईल सुटलेली, तेलाचा ठिपका, काय बी दिसलं की तिथं पेन्सिलीनं गोल मारायचा. गोल पडला की माल सेकंडमध्ये. पूर्ण गोल असो नाहीतर उघडा."

अप्पांचं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं युनिट. आता मुलगा बघतो. मुलगा आणि सून आत होते; आजी-आजोबांना इंटरॅक्शनला बंदी असल्यामुळं अप्पा बाहेर. हे त्यांचं सहावं नातवंड, आणि आधीची पाच त्यांनी पाच प्रकारच्या शाळांत घातली होती.

"पाच प्रकार? का हो?"

"सगळा माल एका पार्टीला देत नसतेत. पार्टी बुडली की आपण बुडलो."

मी गेले सहा महिने वहीत रकाने पाडून शाळांचे फायदे-तोटे लिहीत होतो. फी, अंतर, बोर्ड, वर्गात मुलं किती. अप्पांनी ती वही दहा मिनिटांत निकालात काढली, कारण त्यांच्याकडं शाळा जोखण्याची एकच पद्धत होती आणि ती टॉवेलची होती.

"नवा टॉवेल हातात घेतलाव की कसा लागतोय? कडक, भारी. का, तर खळ हाय. पहिल्या धुण्याला खळ जाते. मग कळतंय वजन किती, आटला किती, पाणी पितोय का नुसतं अंगावरनं पुसतोय. शाळेचं तसंच. गेट, ब्लेझर, गुड मॉर्निंग मॅम ही खळ. खळ वाईट नसते, हां. खळीशिवाय माग चालत नाही. पण खळीचे पैसे टॉवेलच्या भावानं द्यायचे नसतेत."

धाकट्या मुलाचा मुलगा अशाच एका शाळेत. नावात 'इंटरनॅशनल' आहे. मी विचारलं, त्यात इंटरनॅशनल काय आहे? अप्पांनी मनापासून विचार केला. "वॉचमन नेपाळचा हाय." मग थोडं थांबून, न्यायानं: "पोरगं धीट झालंय पण. कुणासमोर बी उभं राहतंय, बोलतंय. काय बोलतंय ते त्याच्या आजीला कळत नाही, एवढंच." परवा ते नातवंड घरात ओरडत आलं म्हणे, "मम्मा, वॉटर गेलं!" आणि आजीला वाटलं वाटर नावाचं कुणीतरी वारलं.

सीबीएसईवाल्या नातीबद्दल त्यांची तक्रार वेगळी. शाळा चांगली, पुस्तकं एनसीईआरटीची, पुढच्या डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षा त्याच पुस्तकांवर बेतलेल्या, सगळं मान्य. "पण पोरगी सकाळी पावणेसातला बसमध्ये बसते. विजापूर रोड, जुळे सोलापूर, सगळं गाव गोळा करत बस जातेय. एवढ्या वेळात हुतात्मा एक्स्प्रेस कुर्डुवाडी गाठत असंल. शिकतेय कधी आणि झोपतेय कधी?"

अनुदानित मराठी शाळेतल्या सेमी-इंग्रजी नातवावर मात्र त्यांचा जीव. फी नावाला, आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, मास्तर कायम नोकरीतले म्हणजे शिकलेले आणि टिकलेले. तोटा इतकाच की वर्गात साठ-साठ पोरं आणि ते टिकलेले मास्तर अर्धं वर्ष मतदारयाद्या, नाहीतर कसली तरी गणना करत गल्लीबोळांतून फिरतात. "एकदा त्याचे गणिताचे सर आमच्याच दारात आले. मी म्हटलं, पोराचं काय? ते म्हणाले, आधी घरात मतदार किती ते सांगा." पोरगं त्रिकोणाला ट्रँगल म्हणायचं आणि त्याच्या खालच्या बाजूला पाया. ट्रँगलचा पाया. मला हसू आलं. अप्पांना आलं नाही. "पाया पक्का होता ओ त्याचा," ते म्हणाले.

सगळ्यात मोठा नातू तेलुगू माध्यमाचा. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत आणि बालभारती तेलुगू-कन्नडमधूनही पुस्तकं काढते. विणकर पद्मशाली घरं तेलंगणातून इथं आली ती भाषा घेऊनच आली. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायचं ठरलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मीसुद्धा त्यावर रात्री एक वाजता कुणाशी तरी भांडलो होतो. अप्पांना मी ते सांगितलं तर त्यांनी दोन बोटं वर केली. "इरवै ओकटि. वीस एक. आमच्यात पहिल्यापासून असंच हाय. आमचा हिशेब कधी चुकला काय?"

मग कुणाचीच बाजू न घेता ते म्हणाले, "आता त्या शाळेत पोरं कमी झाली. तेलुगू बोलणाऱ्यांचीच पोरं येत न्हाईत. माझंच सहावं बघा की, इथं आत बसलंय."

पाचवी नात म्हणजे मुलीची मुलगी. माढ्याकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिच्याबद्दल सांगायला त्यांनी सुरुवात केली आणि मला आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवला. डिसेंबर 2020 मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले तेव्हा ग्रुपवर फटाके फुटत होते. 10 लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले! आपला सोलापूरचा माणूस! मी तर हात जोडलेली सहा चित्रं टाकली होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एकानंही जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेची पायरी चढली नाही. मीही नाही. कौतुक करायला वर्गात बसावं लागत नाही हा आमचा मोठाच फायदा.

अप्पांच्या त्या नातीच्या शाळेत चार वर्गांना मिळून दोन गुरुजी. एक तालुक्याला मीटिंगला गेले की दुसरे चारही वर्ग एकाच खोलीत घेतात. "पण परवा सुट्टीला आली, तर माझ्या युनिटची पाटी तिन्ही भाषांतली वाचली. कडक भाकरी अन् शेंगाचटणी खात खात. तेलुगू कुणी शिकवलं म्हटलं, तर म्हणती, एवढं तर पाटीवरनं कळतंय की." अप्पांनी एवढं बोलून नाक पुसलं. मी लिंबाकडे बघितलं.

शेवटी मी न राहवून विचारलं, "मग यातला एक नंबर माल कुठला?"

"मोठा कुठं हाय? पुण्यात. चाकणला. सेमीवाला? पुण्यात, हिंजवडी. सीबीएसईवाली दहावी झाली की लातूरला क्लासला, तिथनं पुण्यात. इंटरनॅशनलवाला म्हणतोय डायरेक्ट कॅनडा." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर टकटक केली. "एक नंबर माल सगळा बाहेर जातोय. सेकंड इथल्या इथं खपतोय. तुम्ही कुठं असताव?"

"नवी पेठेत. जीएसटीची कामं करतो."

"हां," अप्पा म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी सूड म्हणून कायदा वाचला. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 13. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी परीक्षा घ्यायला मनाई आहे. पालकांची! असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्यांदा मोडला तर 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मुलगी म्हणाली, बाबा चांगले वाचतात. मग बायको म्हणाली, करा की तक्रार. मी अर्ज लिहायला बसलोसुद्धा. 'विषय' लिहिला. खाली पाल्याचं नाव लिहायची वेळ आली आणि पेन थांबलं. प्रवेश अजून व्हायचाय. कायदा करणाऱ्यांना हा रकाना दिसला नसेल असं नाही. पण भरणाऱ्याला तो फार मोठा दिसतो. त्यामुळंच मुलाखतीला इंटरॅक्शन म्हणतात, पाचशे रुपयांना माहितीपुस्तिका म्हणतात, आणि आपण 'थँक यू मॅम' म्हणत उलट्या पावली बाहेर येतो. मी तर म्हणताना वाकलो होतो. ते अजून आठवतंय.

आणि राग मराठीचा गोल मारला म्हणून होता की त्यांचा गोल मला मनातून पटला म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटली. पहिलीपासून ती 2000 साली सुरू झाली, तोवर आम्ही पुढं निघून आलो होतो. आजही दिल्लीहून फोन आला की मी उभं राहून बोलतो. मुलीला असं उभं राहावं लागू नये म्हणूनच मी त्या होटगी रोडवर गेलो होतो ना? मग मॅडमनी वेगळं काय केलं? मी मनात मारत होतो तो गोल त्यांनी कागदावर मारला. तरीही. कोपरानं खुणवायची गरज नव्हती.

काल मेसेज आला. मुलगी प्रतीक्षायादीत चौदावी. 'सेकंड इंटरॅक्शन विथ पेरेंट्स' गुरुवारी. बायकोनं 'सेकंड' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं आणि खुदकन हसली.

निघताना अप्पांनी पिशवीतून एक टॉवेल काढून मला दिला होता, पैसे घेतले नाहीत. "सेकंडचा हाय, पण पाणी चांगलं पितोय." परवा बायकोनं तो दारात, उजेडात उघडला. काठाजवळ निळ्या पेन्सिलीचा गोल होता. तिनं चष्मा लावला, टॉवेल उलटा केला, धागा नखानं चाचपला, आईला बोलावलं. आईनंही बघितलं. दोघींनी पाच-दहा मिनिटं शोधलं, पण गोलाच्या आत त्यांना काही सापडेना.

"धुतला तर जाईल का हो हा गोल?" बायकोनं विचारलं.

पाणी आता मंगळवारी.