ट्रॉलीतलं नाणं आणि आपली लायकी

आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. युरोपातल्या कुठल्याशा दुकानाबाहेर आपलाच एक मराठी पोरगा उभा आहे. ट्रॉलीच्या दांड्यात नाणं घालतो, साखळी सोडवतो आणि सांगतो की बघा, इथं एका नाण्यावर सगळं गाव शिस्तीत ट्रॉली जागेवर लावतं, आपल्याकडे हे केलं तर चार दिवसांत नाणीही जातील आणि ट्रॉल्याही. खाली अंगठे, जोडलेले हात, "आपले लोक सुधारणार नाहीत", "रक्तातच आहे". एकाने तर लातूरचं नाव घेऊनच लिहिलंय. हे गृहस्थ स्वतः लातूरचेच.

मी आयुष्यभर बँकेत रोखपाल होतो. निलंगा, उदगीर, औसा आणि शेवटी लातूर. नाणी मोजण्यात आणि नाण्यांवरून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात नोकरी गेली. त्यामुळे या विषयात दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं धरून चालतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुकानाबाहेर ट्रॉल्या एकीत एक घुसवून उभ्या असतात. प्रत्येकीच्या दांड्यावर एक छोटी डबी, डबीला आखूड साखळी, साखळीच्या टोकाला चपटी किल्ली. ती किल्ली शेजारच्या ट्रॉलीच्या डबीत अडकवलेली असते. तुम्ही खाचेत नाणं सारलं की किल्ली बाहेर पडते आणि ट्रॉली सुटते. सामान गाडीत टाकून परत आलात, रांगेतल्या ट्रॉलीची किल्ली आपल्या डबीत खुपसली की नाणं बाहेर येतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एक युरो चालतो, इंग्लंडात पौंड, अमेरिकेत जिथं ही पद्धत आहे तिथं पाव डॉलर. भाडं वगैरे काही नाही, निव्वळ अनामत.

आता मला सांगा, ज्या नाण्याचं एवढं कौतुक चाललंय ते मुळात बसवावं का लागलं? लोक ट्रॉल्या परत लावत नव्हते म्हणूनच ना. कुणी पार्किंगमध्ये सोडून जायचं, कुणी ढकलत थेट घरी न्यायचं. इंग्लंडात नदी-कालव्यांतून ट्रॉल्या काढाव्या लागतात. बेवारस ट्रॉली उचलून नेऊन दुकानाकडून खर्च वसूल करायचा अधिकार तिथल्या नगरपालिकांना 1990च्या पर्यावरण कायद्याने दिलेला आहे. सगळेच गुणी असते तर ट्रॉलीसाठी कायद्यात कलम कुणी घातलं असतं? अमेरिकेत काही दुकानांनी वेगळाच बंदोबस्त केलाय. आवाराची हद्द ओलांडली की ट्रॉलीचं चाकच जाम होतं.

ट्रॉलीची जन्मकथाही गमतीची आहे. 1937 साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ती आणली. घडीच्या खुर्चीला चाकं आणि टोपल्या लावल्यासारखी. लोक हातच लावेनात. पुरुषांना वाटायचं आपण काय टोपली उचलण्याइतके दुबळे आहोत का, आणि बायका म्हणायच्या बाबागाडी ढकलून कंटाळलोय, आता ही कशाला. शेवटी गोल्डमनने पगारी माणसं ठेवली, गिऱ्हाईक असल्याचं नाटक करत दुकानभर ट्रॉली फिरवायला. तेव्हा कुठे लोक धजावले. एकीत एक सरकणारी ट्रॉली त्यानंतर दहा वर्षांनी आली, आणि ती आली म्हणून तर पुढे साखळी-कुलपाची सोय झाली. असो.

माझा एक भाचा जर्मनीत असतो. हा व्हिडिओ मी त्याला पाठवला. व्हॉइस मेसेज आला, त्यात आधी नुसतं हसणं. मग म्हणाला, "मामा, मागच्या थंडीत माझाच युरो गेला की."

शनिवारची गर्दी, हाताला मोजे, डिकीत सामान भरणं चाललेलं. चांगला कोट घातलेला एक माणूस जवळ आला. म्हणे मला आत जायचंच आहे, तुमची ट्रॉली मीच घेतो, हे घ्या तुमचं नाणं. याने आभार मानून खिशात टाकलं. घरी येऊन बघतो तर तुर्कस्तानचं पन्नास कुरुशचं नाणं. तेही युरोसारखंच दोन रंगांचं आणि जवळपास त्याच मापाचं, किंमत मात्र अगदीच किरकोळ. त्या माणसाला आत जायचं नव्हतंच. ट्रॉली रांगेत लावायची, खरा युरो काढायचा आणि दुसरं गिऱ्हाईक गाठायचं.

दुसरा प्रकार भाच्याच्या शेजारच्या आजीबाईंच्या बाबतीत झाला. डबीत कुणीतरी आधीच कागदाचा बोळा कोंबून ठेवलेला. किल्ली पुरती आत जाईना, त्यामुळे नाणं सुटेना. बाई दहा मिनिटं झटापट करून कंटाळून निघून गेल्या. अशी पाच-सात नाणी अडकली की कुणीतरी येतो आणि तारेने काढून नेतो. आणि रात्री स्क्रू ड्रायव्हर घालून सरळ डबीच उचकटणारेही आहेत.

हे सगळं कुठं, तर ज्यांचा दाखला देऊन आपल्याला लाज आणली जाते तिथं. एक युरो म्हणजे आपले शंभरेक रुपये. तेवढ्यासाठी पोलिसांत कोण जातंय? या चोराचा सगळा धंदा त्या "जाऊ दे"वर चालतो. आमच्या कॅशमध्ये संध्याकाळी दोन रुपये जरी कमी आले तरी ताळा बसेपर्यंत हलता यायचं नाही, नाहीतर खिशातून भरायचे. बाहेरच्या जगात मात्र दोन रुपयांचा हिशोब मागणारा कवडीचुंबक ठरतो.

इथं एक फरक मला करावासा वाटतो, ग्रुपवरच्या मंडळींना तो पटणार नाही. तिकडे ट्रॉल्यांच्या रांगेपाशी काही गरीब माणसं उभी असतात. तुम्ही दमलेले असता, ते म्हणतात आणा, मी लावतो, नाणं मला राहू द्या. किंवा कुणी आळसाने सोडून गेलेली ट्रॉली ओढत नेऊन ते नाणं घेतात. याला लोक चोरी म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याने ट्रॉली सोडली त्याने नाण्यावरही पाणी सोडलं, आणि ज्याने ती जागेवर लावली त्याची ती मजुरी झाली. कोटवाला मात्र चोर, आणि बोळा कोंबणारा त्याहून वाईट, कारण त्याला म्हातारं माणूसच सापडतं. तरुण माणूस लाथ मारून डबी मोकळी करतो.

आता लातूरकडे येऊ. शहराबाहेरच्या रस्त्यावर मोठी दुकानं झाली तशा आपल्याकडेही ट्रॉल्या आल्या. नाण्याचं कुलूप मी तरी इथं पाहिलेलं नाही. लोक ट्रॉल्या कुठंही सोडतात हे मात्र खरं, नाकारत नाही. खांबाला टेकवलेली, दोन गाड्यांच्या मध्ये घुसवलेली, एकीत उसाच्या रसाचे ग्लास टाकलेले. पण आत शिरताना आपल्या पिशवीला प्लॅस्टिकची पट्टी आवळतात, बाहेर पडताना रखवालदार बिलाला भोक पाडून वर सामानाकडे बघतो. चोर समजूनच वागवतात, आणि आपण निमूट रांगेत उभे राहतो. वर अडीच रुपयांचं चॉकलेट हातावर ठेवून सुट्टे मिटवणारे दुकानदार काय कमी आहेत? त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

मित्राचा मुलगा अशाच एका दुकानात मॅनेजर आहे. त्याला विचारलं, बाबा, नाण्याचं कुलूप इथं लावलं तर? तो म्हणाला, "काका, आधीच पार्किंगवरून भांडनं. त्यात दहाचं नाणं आना म्हनलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात."

त्याने चोरीचं नावही काढलं नाही. त्याची अडचण नाण्याची. आणि ती मला त्याच्याहून जास्त कळते. दहाचं नाणं 2009 मध्ये आलं आणि पुढे कधीतरी अफवा उठली की ते खोटं आहे, बंद झालं. आपल्या मराठवाड्यात तर कितीतरी वर्षं रिक्षावाला घेईना, भाजीवाली घेईना, टपरीवाला लांबूनच हात हलवायचा. 2018च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की चौदा वेगवेगळ्या ठशांची नाणी आहेत आणि चौदाही चालतात. ते पत्रक मी काउंटरच्या काचेला चिकटवलं. लोक ते वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "साहेब, तुमचं खरं हो, पण तेवढी नोटच द्या." आज फोनवरून पैसे जातात, त्यामुळे खिशात नाणं सापडणंच अवघड झालंय. ट्रॉलीसाठी आधी नाणं शोधत हिंडायचं?

त्यातून समजा दहाच्या नाण्याची खाच केली. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं. 2007 च्या सुमाराचं, दोन बोटांची मुद्रा असलेलं दोन रुपयांचं नाणं आठवतंय? तेही 27 मिलिमीटरचंच, फक्त थोडं पातळ आणि हलकं. वीसचं बारा कोनांचं नाणं, तेही 27. म्हणजे भाच्याला भेटलेला कोटवाला इथं आला तर त्याला तुर्कस्तानपर्यंत जायला नको, घरातल्या गल्ल्यात हात घातला की झालं. दोनची खाच करावी तर जुना स्टीलचा रुपया आणि 2011 मध्ये आलेले दोन रुपये एकाच मापाचे, पंचवीसचे. रोखपालांनी यावर कपाळाला किती हात लावले असतील ते रोखपालच जाणोत. इंग्लंडात 2017 मध्ये गोल पौंड जाऊन बारा बाजूंचा आला तेव्हा त्यांनाही ट्रॉल्यांची कुलपं बदलत बसावं लागलं होतंच. माप बदललं की कुलूप गेलं. त्यात लोकांच्या चारित्र्याचा संबंध येतो कुठे?

बरं, अनामत आपल्याला नवी आहे का? लग्नाला बिछायतवाल्याकडून भांडी आणतो तेव्हा अनामत ठेवूनच आणतो. परत देताना अंगणात ताटं, वाट्या, पळ्या मोजायला दोन माणसं बसतात आणि वाट्या हटकून पाच-सहा कमी भरतात. कुणी ढापल्या असं नसतं, कुणाच्या तरी डब्यासोबत गेलेल्या असतात. पैसे कापले जातात, थोडी कुरबुर होते, पुढच्या लग्नाला माणूस पुन्हा त्याच दारात. म्हणून तर प्रत्येक पळीवर नाव कोरलेलं. समाजाच्या भांड्यांवर समाजाचं, घरच्या भांड्यांवर आजीचं. त्या नाव कोरण्याला कुणी आपल्या संस्कृतीचा ऱ्हास म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आणि लातूरकरांच्या रक्तात काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी 2016चा उन्हाळा आठवावा. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा. पाण्यावरून भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. डोकी फुटली, टँकरचा पाइप ओढाओढीत तुटला, पाणी चोरीलाही गेलं, हे सगळं खरं. पण आमच्या गल्लीत रात्री आठपासून घागरींची रांग लागायची आणि माणसं घरी जाऊन झोपायची. प्लॅस्टिकच्या, स्टीलच्या, एखादी तांब्याची. सकाळी टँकर येईपर्यंत ती रांग तशीच असायची. नंबर पुढे सरकवण्यावरून आमच्या दोघी शेजारणींनी एकमेकींचं घराणं काढलं, पण घागर गेल्याची तक्रार मी तरी ऐकली नाही. लोक एकाच उन्हाळ्यात दोन्ही करतात.

मला या नाण्याच्या कुलपाबद्दल वेगळीच तक्रार आहे आणि ती कुणी मांडताना दिसत नाही. ट्रॉल्या गोळा करणं हे दुकानाचं काम. त्यासाठी पगार द्यावा लागतो. नाणं लावलं की ते काम गिऱ्हाईक फुकटात करतं, वर स्वतःला शिस्तीचं समजतं, आणि नाणं चोरीला गेलं तर नुकसानही त्याचंच. दुकानाचा एक पैसा जात नाही. जर्मनीत मजूर महाग म्हणून त्यांनी केलं, त्यांचा हिशोब त्यांच्यापाशी. पण त्या हिशोबाला नैतिकतेचा टिळा लावून आपल्या गळ्यात कशाला घालायचा?

इथल्या दुकानात पंधरा-वीस ट्रॉल्यांची आगगाडी करून ओढणारी पोरं असतात. सगळी आजूबाजूच्या खेड्यांतली. मागची ट्रॉली वळणावर फाकते म्हणून एकाने कमरेला दोरी बांधलेली असते, दुसरा पुढून ओरडत वाट काढतो. त्यातला एक चाकूरकडचा आहे. परवा त्याला सहज म्हटलं, लोकांनी ट्रॉल्या आपापल्या जागेवर लावल्या तर तुझा ताप वाचेल की रे.

तो म्हणाला, "काका, समद्यांनीच लावल्या तर मला कशाला ठिवतील?" मग थोडं थांबून, "फकस्त उतारावर सोडू नका म्हनावं. गाडीला घासती, आन् बोलनी मला बसत्यात."