जागरणाचा श्लोक आणि वहिनींचं चूर्ण : कराडच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की चरकसंहितेत लठ्ठ माणसाला जागरण करायला सांगितलंय आणि मी वैद्य असून बायकांना सात तास झोपा म्हणते, म्हणजे परदेशी रिसर्च आयुर्वेदाच्या नावावर खपवते. आणि दुसरं म्हणजे वहिनी रोज जेमतेम पाच तास झोपतात तरी नुसत्या चूर्णावर त्यांचं चार किलो उतरलं.

श्लोक आहेच की. चरकसंहितेचा सूत्रस्थान हा भाग, अध्याय २१, "प्रजागरं व्यवायं च व्यायामं चिन्तनानि च", म्हणजे वजन उतरवायचं तर जागरण, शरीरसंबंध, व्यायाम आणि डोक्याला विचार, हे सगळं वाढवायचं. पण त्याच अध्यायात वजन कशानं वाढतं तेही दिलंय, गोड आणि जड खाणं, व्यायाम नाही, दुपारची झोप, डोक्याला कसली काळजी नाही. जागरण सांगितलंय ते अशा माणसाला, आणि तेही क्रमाक्रमानं वाढवायला. आता सांगलीत माझ्याकडे येणारी बाई बघा, पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठायचं, मग डबे, पोरांची शाळा, सासूबाईंचं पथ्यपाणी, दिवसभर नोकरी, रात्री सगळं आवरून पाठ टेकायला साडेअकरा. तिला अजून जागरण आणि चिंता कुठली देऊ मी? दोन्ही भरपूर आहे आणि वजन तरी वाढतंय. "निद्रायत्तं सुखं दुःखं पुष्टिः कार्श्यं बलाबलम्", म्हणजे सुख-दुःख, अंग भरणं-रोडावणं, ताकद असणं-नसणं सगळं झोपेवर अवलंबून, हेही त्याच अध्यायात आहे दादा, ते तुम्ही सोडून दिलंत.

चार किलोचं म्हणाल तर काटा खोटं बोलत नाही, पण काय उतरलं ते काटा सांगत नाही. २०१० साली शिकागोच्या संशोधकांनी जादा वजनाच्या १० माणसांना १४ दिवस मोजकं जेवण देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन दोन्ही वेळी सारखंच, तीनेक किलो उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली, बाकीचं अंगातली ताकद म्हणतो ते, स्नायू वगैरे, आणि भूकही जास्त लागली. माणसं थोडी होती हे खरं. पण अमेरिकेतल्या ६८ हजार नर्सेसवर १६ वर्षं लक्ष ठेवलं त्यातही पाच तास किंवा कमी झोपणाऱ्यांचं वजन सात तासवाल्यांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं.

आणि चूर्ण. मागे एक ताई पाकीट घेऊन आल्या, पुढच्या बाजूला बारीक कंबरेचा फोटो, मागे बारीक अक्षरात त्रिफळा, ओवा आणि मग सोनामुखी, म्हणजे जुलाबाचं औषध. रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यायचं. सोनामुखीचा असर सहा ते बारा तासांनी होतो, म्हणजे रात्री दहाला घेतलं की पहाटे चारपासून पोटात कळ, ताई संडासला उठायच्या ते परत झोपच नाही. पोट साफ होतं, पाणी जातं, काटा खाली येतो, चरबी तिथेच. महिनोन्‌महिने घेतलं तर पोटॅशियम कमी होऊन अंगात त्राण राहत नाही ते वेगळंच.

औषधी वनस्पतींना नावं ठेवत नाहीये मी, माझं पोटच त्यावर आहे. झोपेसाठी अश्वगंधा मी देते, काहींना थोडा फरक पडतोही, पण थायरॉईडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर मनानं सुरू करायची नाही. वहिनींना थायरॉईड आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, आणि पाकिटामागचं सगळं इथेच टाईप करून टाका, बघून सांगते.