चौसष्ट कलांनी भागत नाही

गणपती चौसष्ट कलांचा अधिपती, आणि त्याचं तेवढ्यात भागतं. तुमचं भागणार नाही. तुम्ही नाणी जमवायला घेतली आहेत ना? मग आजच मनाशी पक्कं करा, की चौसष्टवर समाधान मानणारा माणूस संग्राहक नव्हे, तो नुसता चिल्लर बाळगणारा. तुम्हाला पासष्ट पाहिजे.

कशाचे पासष्ट, ते आधी सांगतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणसाच्या अंगकाठीवरून त्याचा स्वभाव सांगता येतो, असं त्यांचं म्हणणं. ते पुढे फारसं कोणी मनावर घेतलं नाही. नाण्यांच्या अंगकाठीची त्यांची मोजपट्टी मात्र जगाने डोक्यावर घेतली. १९४९ साली त्यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांना १ ते ७० गुण द्यायची पद्धत काढली. हिशोब अगदी किराणा दुकानातला. झिजून ओळखू येईनासं झालेलं नाणं एक डॉलरचं असेल, तर तेच नाणं टाकसाळीतून आत्ता पडल्यासारखं असल्यास सत्तर डॉलरचं. म्हणजे ६४ च्या नाण्याला चौसष्ट मोजणाऱ्याने ६५ च्या नाण्याला पासष्ट मोजावेत. हा हिशोब तुम्ही ताबडतोब विसरा. (शेल्डनसाहेबांनी एका नामांकित संस्थेच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्या जागी आपले हलके सेंट ठेवले होते, हे पुढे उघडकीस आलं. एकेका गुणाचं मोल त्यांच्याइतकं कोणाला कळणार?)

आजचा हिशोब असा. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत १८८६ साली चांदीचे मॉर्गन डॉलर पडले एक कोटी सात लाख. वापरून गुळगुळीत झालेला आजही किरकोळ पैशांत मिळतो. न वापरलेला, ६४ ग्रेडचा घ्यायला गेलात तर दहा हजार डॉलरच्या आगेमागे. आणि ६५ चा? लाखाच्या पुढे. डॉलर बरं का.

या दोघांत फरक काय, असं विचारू नका. विचारलंच तर सांगणारा तुम्हाला भिंग देईल आणि नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचा गाल बघायला लावेल. टाकसाळीतून हे डॉलर हजार-हजारांच्या पोत्यांत भरून निघायचे. पोतं आपटलं की एकाची कड दुसऱ्याच्या तोंडावर. केसांत बसलेला ओरखडा लपून जातो, त्याला माफी आहे. गालावरच्याला नाही. पत्रिका जुळली, घराणं चांगलं, पण मुलीच्या गालावर कांजिण्यांचा व्रण आहे म्हणून नकार कळवणारी मंडळी आपल्याकडे होती. ती आता कुठे गेली, असा प्रश्न मला पडायचा. ती लिलावात बसतात.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा की नाण्याकडे पाहू नका, चिठ्ठीकडे पाहा. १९८६-८७ च्या सुमारास अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था निघाल्या. त्यांचे तज्ज्ञ नाणं तपासतात, त्याला गुण देतात आणि गुणांच्या चिठ्ठीसकट कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. या डबीला स्लॅब म्हणायचं. ‘डबी’ म्हणालात तर भाव पडेल. साध्या नाण्याला तज्ज्ञांचे काही सेकंद मिळतात. तुम्ही दहावीचा पेपर आठवा आणि गप्प बसा.

आता तुम्हाला वाटेल, ६४ आणि ६५ च्या मध्ये काही नसणार. इतके भोळे राहू नका. २०१० पासून ६४+ असतो. म्हणजे चौसष्टच, पण मान ताठ. शिवाय २००७ साली आणखी एक संस्था निघाली. ती नाण्यांना गुण द्यायला निघाली नव्हती, दुसऱ्यांनी दिलेले गुण बरोबर आहेत का ते बघते आणि पटलं तर डबीवर हिरवी टिकली लावते. गुण कमीच दिलेत असं वाटलं तर टिकली सोनेरी. म्हणजे ६४, टिकलीवाला ६४, ६४+, टिकलीवाला ६४+ आणि मग कुठे ६५, तोही टिकलीवाला आणि बिनटिकलीचा. प्रत्येक पायरीला वेगळा भाव. तज्ज्ञाची परीक्षा घेणारा तज्ज्ञ झाला. आता त्या टिकलीवर शिक्का मारणारा कोणी निघाला, तर त्याच्या पहिल्या रांगेत मी उभा असेन.

सगळ्यात गोड गोष्ट पुढे आहे. पीसीजीएसच्या अगदी पहिल्या डब्या जरा ढिल्या होत्या. हलवलं की नाणं आत वाजायचं, म्हणून त्यांना नाव पडलं ‘रॅटलर’. आपल्या भाषेत खुळखुळा. आज त्या खुळखुळ्याचे वेगळे पैसे पडतात. का, तर त्या काळी गुण देताना हात आखडता होता असं मानतात. म्हणजे आत ६४ लिहिलंय, पण आज तपासलं तर ६५ होईल, अशी आशा. नाण्याचे पैसे दिलेत, गुणांचे दिलेत, आता प्लास्टिकचे द्या. उरलेच तर आशेचे द्या.

आशा धरवत नसेल तर हातोडी घ्या. थट्टा नाही, या धंद्यात ही रीतसर गोष्ट आहे. डबी फोडायची, नाणं काढायचं, पुन्हा तपासायला पाठवायचं. ६४ आलं तर परत फोडायचं. नाणं तेच, संस्था तीच, फक्त तपासणाऱ्याच्या सकाळच्या चहात फरक. एखाद्या फेरीत ६५ आलं की आधीच्या सगळ्या फेऱ्यांची फी वसूल. फोडलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या परत पाठवायच्या असतात. पुष्कळ जण पाठवत नाहीत, त्यामुळे संस्थेच्या नोंदीत एकाच नाण्याची चार भावंडं नांदतात. पेपर पुन्हा तपासायला टाकून गुण वाढवून घेणारी आमची पिढी. आम्हाला हे कोणी शिकवायला नको.

हा सगळा अमेरिकन चाळा आहे, आपला काय संबंध, असं म्हणू नका. पेशवाईत आपण यांचे गुरू होतो. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, गावागणिक रुपया वेगळा. सराफ तो हातात घेणार, वाजवणार, कस आणि झीज पाहणार आणि बट्टा कापणार. फरक एवढाच, की तेव्हा हलक्या नाण्याला बट्टा लागायचा आणि लोक सराफाला शिव्या द्यायचे. आता चांगल्या नाण्याला लागतो आणि लोक तज्ज्ञाचे आभार मानतात.

संबंध याहूनही जवळचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारकडची चांदी आटली. इंग्रजांनी अमेरिकेपुढे हात पसरले. १९१८ साली तिथे पिटमन कायदा झाला आणि सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. बहुतेक चांदी इकडे आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले. आज एका गालाच्या ओरखड्यासाठी जीव टाकणारे लोक हे लक्षात घेत नाहीत, की त्यांच्या डॉलरांचे शेकड्यांनी गाल आपल्या आज्यांच्या कमरेच्या बटव्यात संपले. आमच्या देवघरात १९१९ चा एक रुपया आहे. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक टिंब, म्हणजे मुंबईचा. त्यात एखादा ६५ वितळलेला असेल, या विचाराने मला रात्री जाग येते.

तो रुपया मी तपासायला दिला. परदेशी नव्हे. शंभर वर्षं उलटलेलं नाणं देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने बंदी आहे, एवढं तुम्हीही लक्षात ठेवा. इथल्याच एका ठिकाणी दिला. फी रुपयाच्या किमतीच्या निम्मी. महिन्याभराने डबी आली. आकड्याच्या जागी आकडाच नाही, नुसतं ‘डिटेल्स, क्लीन्ड’. पत्रिका परत, वर शेरा: मुलगी घासलेली आहे.

घासलेली होतीच. दर लक्ष्मीपूजनाला आई जुन्या टूथब्रशवर दंतमंजन घेऊन देवघरातली सगळी नाणी लख्ख करते. चाळीस वर्षं. भिंगातून पाहिलं तर राजाच्या दाढीपासून मुकुटापर्यंत एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा, आईच्या मनगटाच्या वळणाच्या. मी तिला समजावलं, की चांदी काळी पडू द्यायची असते. काळेपणात निळी-जांभळी झाक आली तर लोक दुप्पट पैसे देतात. आई म्हणाली, “मग भांडी पण घासत नाही आजपासून. बघू कोण पैसे देतं.”

तेव्हा शेवटचा सल्ला, घरच्यांना किंमत सांगू नका. गेल्या दिवाळीत मी एक राणीछाप रुपया घेतला, ६४ ग्रेडचा. ६५ परवडला नाही, हे इथे फक्त तुमच्यापाशी बोलतो. हौसेने पूजेच्या ताटात ठेवला. आई म्हणाली, “हा प्लास्टिकात का? सुतक आहे का याला?” मी म्हटलं, काढता येत नाही. “लक्ष्मी गुदमरेल,” असं म्हणत तिने डबीवरच हळद वाहिली, मग कुंकू. कुंकवाचं बोट नेमकं चिठ्ठीवर पडलं आणि आकडा झाकला गेला. भिंगाशिवाय मला तर आता ते ६४ होतं की ६५, सांगता आलं नसतं.

“केवढ्याचा आहे?” तिने विचारलं.

“रुपयाचाच की,” मी म्हणालो.