मावशींची पेटी

आज सकाळी आमच्या मावशी कामाला आल्या त्या रिक्षातून. सोबत लोखंडी पेटी, शेगडी, दोन बोचकी. "वैनी, संध्याकाळपर्यंत जिन्याखाली ठेवू का ओ? खोली सोडायला लावली." अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकाला दीड हजार वाढवून पाहिजेत.

त्या पेटीच्या निम्म्या उंचीपर्यंत गंज आहे, रेघ मारल्यासारखा. २०१९ च्या महापुराचा. तेव्हा त्या सांगलीत नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटात राहायच्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४५ फूट म्हणजे धोका पातळी, त्या साली पाणी ५७ वर गेलं. पेटी माळ्यावर ठेवलेली, तरी अर्धी बुडाली. पाणी उतरलं, मालकानं चुना मारला आणि भाडं वाढवलं. तेव्हापासून ही पाचवी खोली.

दुपारी एकांना सांगितलं तर म्हणे, प्रधानमंत्री आवास योजनेत अर्ज करायचा की! अहो, ते अडीच लाखांचं अनुदान स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला मिळतं. जिच्याकडं वीतभर जागा नाही तिनं घर कशावर बांधायचं? आणि तयार फ्लॅट घ्यायचा तर धुणंभांडी करणाऱ्या बाईनं बँकेला पगाराची कुठली पावती दाखवायची?

दर पावसाळ्यात भोंगा लावून सांगायचं, नदीकाठ सोडा. आणि परवडणारी खोली मिळते ती पूरपट्ट्यातच! संताप येतो नुसता.

खोली बळकावणारे भाडेकरू असतात, मालकाला भीती असते, बरं, मान्य. म्हणून साठीच्या बाईनं दर वर्षी पेटी उचलायची?

महापालिकेनं खोल्या बांधाव्यात. विकायला नाही, भाड्यानं द्यायला. पूररेषेच्या बाहेर, पण कामावर चालत येता येईल अशा. लांब माळावर दिल्या तर निम्मी कमाई रिक्षालाच जाणार. २०२४ च्या शहरी आवास योजना २.० मध्ये भाड्याच्या घरांचा भाग आहेच, तो सांगली-मिरज-कुपवाडसाठी मागून घ्या. मतं मागायला दारात येतील तेव्हा गटारींचा प्रश्न काढायच्या आधी हे विचारा. बेघरांसाठी लाख वस्तीमागं शंभर जणांचा निवारा हवा असा नियम आहे, म्हणजे आपल्याला पाच तरी. ते पाहिजेतच. पण मावशी तिथं पोचू नयेत म्हणून आधी कुणी काही करणार आहे का?

एवढं बोलून मीसुद्धा आठ वर्षांत त्यांना कधी विचारलं नव्हतं, कुठं राहता म्हणून. आज पेटी उचलू लागले तेव्हा कळलं किती जड आहे ती. आत भांडी, लेकीच्या लग्नाचा फोटो आणि पुरात भिजून चिकटलेलं रेशनकार्ड.

रात्रीचे साडेनऊ झालेत, पेटी अजून जिन्याखालीच आहे. मावशी भाचीकडं गेल्यात, दोन दिवसांपुरत्या. विश्रामबागेच्या आसपास कुणाकडं एक खोली असेल तर मेसेज करा. भाडं वेळेवर मिळेल, जबाबदारी माझी. पाऊस लागायच्या आत पाहिजे.