पत्रकार व्हायचंय? मग कुणाला काही विचारू नका

पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाच्या पदवीला प्रवेश मिळाला? छान झालं. हा विषय का घेतला असं कुणी विचारलं तर 'मला लोकांशी बोलायला खूप आवडतं' एवढं सांगा. सगळे तेच सांगतात. लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं म्हणून इकडे आलेलं कुणी मला अजून भेटायचं आहे. तेव्हा तुम्ही उगाच वेगळं काही बोलून समोरच्यांना गोंधळात टाकू नका.

आता पदवीची वर्षं काढायची आहेत. ती कशी काढावीत, याबद्दल बातमीदारीत केस पांढरे झालेल्या बाईकडून चार गोष्टी ऐकून घ्या. फुकट आहेत.

पहिली गोष्ट, वर्तमानपत्र वाचायचं नाही. ते काढणाऱ्यांनी वाचावं. तुमच्याकडे बातम्या आपोआप येतात. रील्समधून येतात, स्टेटसवर येतात, ग्रुपवर कुणीतरी टाकतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने 'आज पहिल्या पानावर काय आहे?' असं खवचटपणे विचारलंच, तर 'मी ऑनलाइन वाचते' म्हणावं. 'कुठे?' असं त्यावर आलं तर 'असं फिक्स नाही, जे समोर येईल ते.' मी अशी परीक्षक म्हणून बसलेली आहे. एका मुलाने मला अग्रलेख म्हणजे सगळ्यात वर छापलेली बातमी, असं ठणकावून सांगितलं होतं. आवाज मात्र खणखणीत होता. पुढे तो अँकर झाला.

शुद्धलेखनाचं बघायला डेस्कवर कुणीतरी असतंच.

सिद्धान्त मात्र पाठ पाहिजेत. हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ साली मांडलेलं सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे : कोण, काय म्हणतो, कोणत्या माध्यमातून, कुणाला आणि त्याचा परिणाम काय. हेच पाच प्रश्न सकाळी आलेल्या एखाद्या फॉरवर्डला लावून बघण्याचा आगाऊपणा करू नका, परीक्षेत तसं विचारत नाहीत. 'अजेंडा सेटिंग'चंही तेच, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात, हा सिद्धान्त. मॅककोम्ब्स आणि शॉ, १९७२, एवढं लिहिलं की गुण पडतात. या दोघांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिलमधल्या, मत कुणाला द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना गाठून 'तुमच्या लेखी महत्त्वाचे प्रश्न कोणते?' असं विचारलं आणि त्यांची उत्तरं बातम्यांशी ताडून पाहिली, हा तपशील गाळला तरी चालतो. गाळाच. लक्षात राहिला तर स्वतःचा प्रकल्प करताना उगाच टोचत राहील.

प्रकल्पाचा विषय : 'समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम'. दुसरा विषय अस्तित्वात नाही. गुगल फॉर्म करायचा, वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा आणि 'प्लीज भरा ना यार, उद्या सबमिशन आहे' असं लिहीत राहायचं. भरतील तेवढे वर्गमित्र म्हणजे तरुणाई. निष्कर्ष : परिणाम चांगलेही होतात आणि वाईटही. पाय चार्ट रंगीत हवा.

इतिहासाचा पेपर सोपा आहे. बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण', ६ जानेवारी १८३२. हा माणूस आपलं पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत काढत असे. तुम्हाला दोन्हींपैकी एकीतही सलग परिच्छेद लिहिता येत नसेल तर खचून जाऊ नका. त्यांच्याकडे ॲप नव्हतं, म्हणून त्यांना भाषा शिकावी लागली.

हातात चॅनेलचा बूम माइक धरून फोटो काढून घ्या. वायर कुठे जोडलेली नसली तरी फोटोत दिसत नाही.

कार्यक्रमाचं वार्तांकन करायला सांगितलं तर कार्यक्रमाला जायचं नाही. आयोजकांकडून प्रेस नोट मागवायची. 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' हे वाक्य तिच्यात आयतं असतं. कार्यक्रम रद्द झाला असला तरी असतं.

इंटर्नशिपला गेल्यावर पहिल्याच दिवशी अँकरिंग कधी मिळेल ते विचारून घ्या. मग प्रमाणपत्रावर तारीख कुठली घालणार ते विचारा. मधले दिवस कसेही जातात. कुणी बाहेर पाठवलंच तर लवकर परत या. मी न्यायालयाची बीट बघते, म्हणजे न्यायालयातल्या बातम्या ही माझी नेमून दिलेली जबाबदारी. एका मुलीला एका जामीन अर्जाच्या सुनावणीला बसवलं होतं. तासाभरात परत. 'मॅडम, तिकडे काही झालंच नाही, तारीख पुढे ढकलली.' का ढकलली? 'ते नाही विचारलं.' याआधीही ढकलली होती का? 'माहीत नाही.' तो माणूस आत किती दिवस आहे? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला. बातमी तिच्या डोळ्यांसमोर उभी होती, फक्त तिने स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. पण मुलगी गुणी होती, संध्याकाळपर्यंत न्यायालयाच्या पायऱ्यांवरचा तिचा फोटो इन्स्टावर पडला होता. 'फील्ड डायरीज'.

आता मुलाखत. हे तंत्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा प्रयोग नुकताच माझ्यावर झाला आहे.

एका महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला त्यांच्या प्रायोगिक अंकासाठी माझी मुलाखत हवी होती. पद्धत लिहून घ्या. आधी मेसेज : 'हाय मॅम, अर्जंट आहे.' काय अर्जंट आहे ते सांगायचं नाही. समोरच्याने विचारलं की दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. मग प्रश्नावली पाठवायची. पहिला प्रश्न, 'आपण नेमकं काय करता?' माझ्या नावाने इतक्या बातम्या छापून येतात, त्यातली एक उघडून बघितली असती तरी चाललं असतं. पण तसं केलं की पूर्वग्रह होतो म्हणे. पुढचा प्रश्न, 'आपल्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगा.' मग, 'आजच्या तरुणाईला काय संदेश द्याल?' आणि तळाशी सूचना, 'उत्तरं युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, सोबत हाय रेझोल्यूशन फोटो.' म्हणजे प्रश्न नेटवरचे, उत्तरं माझी, टायपिंग माझं, फोटो माझा. मुलाखतकार तो.

मी म्हटलं, फोन कर, बोलू या. तर म्हणाला, 'मॅम, फोनवर जरा ऑकवर्ड होतं.'

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला अनोळखी माणसाशी बोलायला ऑकवर्ड होतं. असो. दिली उत्तरं टाइप करून. त्यात एक प्रश्न होता, 'न्यायालयातल्या बातम्या कशा मिळवता?' मी लिहिलं, 'रोज जाऊन बसते, बोर्डावर कुठली प्रकरणं लागलीत ते बघते, आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय बातमी देत नाही.' छापून आलं ते असं : 'न्यायदानाच्या पवित्र क्षेत्रातील मान्यवरांशी वर्षानुवर्षे जपलेले जिव्हाळ्याचे संबंध हीच माझ्या बातमीदारीची खरी शिदोरी आहे.'

पुन्हा वाचा. न्यायालयाच्या बातमीदाराच्या तोंडी! न्यायाधीशांशी जिव्हाळ्याचे संबंध! ज्या वकिलांच्या विरोधात गेलेल्या निकालांच्या बातम्या मी दिल्या, त्यांनी ते पान एकमेकांना पाठवलं, मग मला पाठवलं, खाली हसणारे चेहरे. एकाने नुसतं 'आता कळलं' एवढंच लिहिलं. या बीटवर माणसाच्या गाठीला एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण कुणाच्या घरचे नाही ही ख्याती. ती मुलाने एका वाक्यात निकालात काढली, आणि ते वाक्यही त्याचं नाही.

फोन लावला, उचलला नाही. ऑकवर्ड. मग मेसेज आला, 'मॅम, तुमचं उत्तर खूप छोटं होतं, पानात जागा उरत होती. म्हणून एआयकडून जरा एक्सपांड करून घेतलं.' आणि त्याखाली, 'पण छान आलंय ना?'

छान आलंय हो. फारच छान आलंय. इतकं शुद्ध मराठी मला स्वतःला कधी बोलता आलं नाही. आणि विभागाने त्या मुलाखतीला अंकातली उत्कृष्ट मुलाखत म्हणून गौरवलंसुद्धा आहे. म्हणजे अंक तपासणाऱ्या सरांनी ती वाचली, किंवा वाचली नाही. यातलं अधिक वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही. तुमच्याच नीतिशास्त्राच्या पेपरात जॅनेट कुक यांचं प्रकरण टीप लिहायला येतं ना? 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये १९८० साली त्यांनी हेरॉइनचं व्यसन लागलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली, १९८१ला तिला पुलित्झर हा अमेरिकी पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला आणि मग कळलं की असा मुलगाच नाही. पुरस्कार परत गेला, नोकरी गेली. त्या बिचारीला सगळं स्वतः रचावं लागलं होतं. तुमचं काम यंत्र करतं आणि बक्षीस परतही द्यावं लागत नाही. प्रगती आहे.

आणि शेवटची युक्ती, चूक लक्षात आणून दिली की 'सॉरी मॅम, नेक्स्ट टाइम' असं म्हणायचं आणि...

नाही, पुरे. या सुरात आणखी लिहिणं मला जमणार नाही.

अरे, नेक्स्ट टाइम कुठला? जे छापलंस ते माझ्या नावावर कायमचं राहणार आहे. उद्या कुणी माझं नाव शोधलं तर तुझं ते पान वर येईल. तू एआय वापरलंस याचा मला राग नाही. रेकॉर्डिंग उतरवून घे त्याच्याकडून, मथळे सुचवून घे, शुद्धलेखन तपासून घे. पण अवतरणचिन्हांच्या आत फक्त तेच जातं जे माणूस बोलला. एक शब्द जास्त नाही. पानात जागा उरली तर उरू दे, फोटो मोठा कर, नाहीतर मला आणखी एक प्रश्न विचार. जिवंत होते ना मी? फोन नंबर होता ना तुझ्याकडे?

ऑकवर्ड होतं म्हणे. १८८७ साली नेली ब्लाय नावाची बातमीदार मुलगी वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिली, आत बायकांचं काय होतं ते बघायला. तेवीस वर्षांची होती. तुला कुणी इस्पितळात जा म्हणत नाही. एक फोन कर म्हणतेय. पहिल्यांदा घसा कोरडा पडेल, माणूस तुसडेपणाने बोलेल, काही जण आपटतील फोन. आमचेही आपटले, अजून आपटतात. त्याच्यावरच तर पगार मिळतो, जेवढा मिळतो तेवढा.

आणि सर, तुमच्याबद्दलही बोलायला हवं. मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेचं महाविद्यालय सुरू झालं, त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. खरं वर्तमानपत्र, खरे वाचक, खऱ्या चुका आणि त्या चुकांबद्दल खरी बोलणी खाणं. तुमच्याकडे वर्षातून एक अंक निघतो, तोही मूल्यमापनाची समिती यायच्या आधी घाईघाईत, आणि त्यात प्राचार्यांचे फोटो बातम्यांपेक्षा जास्त. मुलाने घेतलेल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुठे आहे, टिपणवही कुठे आहे, हे विचारायला किती वेळ लागला असता? ज्यांना त्याने फोन केले त्यांची यादी मागितली असती तर तिथेच कळलं असतं की यादीच नाही. शिकागोच्या जुन्या बातमीदारांत म्हणायचे, आई म्हणाली माझं तुझ्यावर प्रेम आहे, तरी खात्री करून घे. तुम्ही हे वर्गात फळ्यावर लिहिता, मुलं त्याचा फोटो काढतात आणि तास संपतो.

आणि तू. पुढच्या अंकात खुलासा छाप. पहिल्या पानावर, आतल्या चौकटीत नाही. मी काय लिहून दिलं होतं, काय छापलं गेलं आणि ते कुणी रचलं, तिन्ही गोष्टी स्पष्ट लिही. 'अनवधानाने' हा शब्द त्यात नको, कारण ते अनवधानाने झालेलं नाही. खुलासा कसा लिहितात ते माहीत नसेल तर सरांना विचार. त्यांनी सांगितलं नाही तर मला विचार. मेसेज नको, फोन कर. दुपारी दीडनंतर, न्यायालय जेवायला उठतं तेव्हा.