'आय एम हॅविंग टू ब्रदर्स'वर हसणाऱ्यांसाठी

'आय हॅव टू ब्रदर्स'च्या ऐवजी येणाऱ्या 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्यावर आपल्याकडे जेवढं हसून झालंय तेवढं दुसऱ्या कुठल्या वाक्यावर झालं नसेल. स्टँडअपवाले हसतात, रीलवाले हसतात, आणि ज्यांना इंग्रजी माध्यमात घालायची आईबापांची ऐपत होती ते तर हमखास हसतात. मी गडहिंग्लज भागात इंग्रजी बोलायला शिकवते. नर्सिंगच्या मुली, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं, एमआयडीसीत सुपरवायझर झाल्यामुळे आता पुण्या-बंगळूरच्या साहेबांशी फोनवर बोलावं लागणारे लोक, असा सगळा माझा विद्यार्थीवर्ग. त्यांच्याकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही. उलट एक गोष्ट मात्र खात्रीने सांगते: 'हॅव'च्या ज्या चुकीवर सगळे हसतात ती सगळ्यांत निरुपद्रवी आहे. ज्या चुकांनी खरंच घोटाळे होतात, त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कारण त्या चुका हसणारेही करतात.

मुळात मराठीत 'हॅव' नाहीच. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ आत्ता पाचशेची नोट आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. पोरीत दम आहे. आजीला बीपी आहे. क्रियापद सगळीकडे एकच, बदलतं ते आधीच्या शब्दाचं शेपूट. नात्याला 'ला', मालकीला 'कडे', खिशातल्या वस्तूला 'जवळ', अंगच्या गुणाला 'त'. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असं कुणी म्हणालं तर आपण विचारू, किती दिवस राहणार आहेत? इतकं बारीक काम आपली भाषा करते, आणि इंग्रजी हे सगळं एकाच 'हॅव'च्या पोत्यात भरून मोकळी होते.

यात आपण एकटे नाही. संस्कृतात 'मम द्वौ भ्रातरौ स्तः', म्हणजे 'माझे दोन भाऊ आहेत'. आमच्याकडे सीमाभागात बऱ्याच घरांत कन्नड चालतं, तिथे 'ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे', म्हणजे शब्दाला शब्द 'मला दोघे थोरले भाऊ आहेत'. आखातात नोकरी करून आलेल्या कोकणातल्या माणसाला 'इंदी' माहीत असतं. अरबीतलं हे 'माझ्याजवळ'. रशियन माणूसही 'माझ्याकडे आहे' असंच म्हणतो. लॅटिनमध्ये 'हॅव'सारखं क्रियापद होतं, तरी 'मिही एस्त', म्हणजे आपलं 'मला आहे', हेही सर्रास चालायचं. तेव्हा 'हॅव' ही काही जगाची रीत नव्हे.

आता खरी गंमत. मराठीत 'आहे' की 'आहेत' हे कुणावर ठरतं? मालकावर नाही, वस्तूवर. भावाकडे एक ट्रॅक्टर आहे, भावाकडे दोन ट्रॅक्टर आहेत. भाऊ तोच, क्रियापद ट्रॅक्टरकडे बघून बदललं. इंग्रजीत बरोबर उलटं, तिथे क्रियापद मालकाकडे बघतं. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, 'माय ब्रदर हॅव टू ट्रॅक्टर्स'. मी 'हॅव'खाली रेघ मारली तर तो म्हणाला, "मॅडम, ट्रॅक्टर दोन हाईत न्हवं? मग हॅजच्या जागी हॅव आलं की." तेवढ्यात त्याच्याच खालच्या ओळीकडे नजर गेली: 'वी हॅज ओन्ली वन बफेलो'. म्हैस एक, म्हणून 'हॅज'. बघा, पोरगं अंदाजपंचे काहीच लिहीत नव्हतं. नियम पक्का होता, दोन्ही वाक्यांत इमानाने पाळलेला होता, फक्त तो मराठीचा होता.

मी फळ्यावर मराठी आणि इंग्रजी वाक्य एकाखाली एक लिहिलं. मराठीत ट्रॅक्टरपासून क्रियापदापर्यंत बाण काढला, इंग्रजीत ब्रदरपासून. तो बाणांकडे बघून म्हणाला, "म्हंजे विंग्रजीत मालक मोठा आणि आपल्यात माल मोठा?" याहून चांगली व्याख्या मला जमली नसती. ती मी बिनदिक्कत चोरली आहे आणि प्रत्येक बॅचला वापरते.

हा बाण शाळेत कुणीच दाखवत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आता माझ्याकडे येणारं पोरगं 'आय हॅव, यू हॅव, ही हॅज, शी हॅज' हे सहाव्या वर्षापासून घोकत आलेलं असतं. घोकंपट्टीला माझा विरोध नाही, पाढेही तसेच पाठ होतात. पण 'ही हॅज' धडाधड म्हणणारी जीभ 'माय ब्रदर'पुढे अडते, कारण मध्ये दोन ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि ते मनाला मराठीतून खेचतात. वर काही क्लासवाल्यांचा नियम असतो की वर्गात मराठी शब्द काढला तर दहा रुपये दंड. ज्या भाषेमुळे अडचण होतेय तिचं नावच घ्यायचं नाही, मग अडचण दाखवणार कुठून?

त्यांचं म्हणणं असतं, 'मराठीत विचार करणं बंद करा.' बाविसाव्या वर्षी कुणी सांगितलं म्हणून असं बंद होतं का? हां, एवढं मान्य की सवय झाली की तुलना आपोआप गळून पडायला हवी. बोलताना कुणी बाण काढत बसत नाही. पण ते नंतरचं. सुरुवातीला दोन्ही भाषा समोरासमोर बसवल्याशिवाय काही हाती लागत नाही, हे माझं ठाम मत आहे.

'हॅविंग'चंही तसंच. 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यात 'आहेत' ठळक ऐकू येतं, म्हणून 'एम' किंवा 'इज' हवं असं वाटतं. शिवाय 'हॅव'ही हवंच. दोघांना एका वाक्यात बसवायचं तर 'एम हॅविंग' हाच रस्ता दिसतो. यावर माझा तोडगा मराठीतलाच आहे. क्रियापदाला 'तोय' लावून बघा. जेवतोय, चहा घेतोय, आंघोळ करतोय, त्रास होतोय: लागलं ना? मग 'हॅविंग लंच', 'हॅविंग टी', 'हॅविंग अ बाथ', 'हॅविंग ट्रबल' सगळं बरोबर. आता 'मला दोन भाऊ असतायत' म्हणून बघा. जीभच वळत नाही. तिथे 'हॅविंग' नाही, साधं 'हॅव'. म्हणून 'आय एम हॅविंग थ्री इयर्स एक्सपीरियन्स' नाही, 'आय हॅव थ्री इयर्स एक्सपीरियन्स'.

नर्सिंगच्या मुलींना हा फरक मी जास्त कडकपणे शिकवते. 'द पेशंट हॅज फिट्स' म्हणजे त्याला फिट्स येतात, आजार आहे, फाइलमध्ये नोंद करा. 'द पेशंट इज हॅविंग अ फिट' म्हणजे आत्ता या क्षणी झटका येतोय, पळा. आणि 'माय सिस्टर इज हॅविंग टू डॉटर्स' असं परदेशातल्या हॉस्पिटलात बोललात तर समोरची बाई जुळ्यांसाठी अभिनंदन करेल. 'हॅविंग अ बेबी' म्हणजे बाळ होणार आहे. हे 'हॅविंग'ही 'तोय'च्या परीक्षेत पास होतं की: बाळ होतंय.

'डझ ही हॅज' थोडक्यात उरकते. 'डझ' आला की एकवचनाचा 'स' त्याने आधीच घेतलेला असतो, पुन्हा 'हॅज'ला द्यायचा नाही. डझ ही हॅव. झालं.

आता ज्या चुकांवर कुणी हसत नाही त्या. पहिली, 'डोन्ट हॅव टू'. 'हॅव टू' म्हणजे करावं लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. घाईच्या बोलण्यात त्याचा उच्चार 'हॅफ्टू' होतो, तेवढा कान तयार करावा लागतो. पण त्याला 'डोन्ट' लागलं की लोक 'करू नको' असा अर्थ घेतात. 'यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो' म्हणजे उद्या यायची गरज नाही, आलास तरी हरकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका सुपरवायझरला सुट्टीच्या दिवशीच्या कामाबद्दल साहेबाने फोनवर हे सांगितलं, आणि 'उद्या येऊ नको म्हणाले, काय चुकलं माझं?' या काळजीत तो रात्रभर तळमळला. 'येऊ नको'ला 'डोन्ट कम' आहे, कडक शब्दात 'मस्ट नॉट' आहे. 'डोन्ट हॅव टू'मध्ये मनाई नाही, मोकळीक आहे. औषधांच्या बाबतीत तर हे उलटंसुलटं होऊन चालणारच नाही.

दुसरी चूक माझ्या मते सगळ्यांत महाराष्ट्रीय. मराठीत आपण सहज म्हणतो, 'मी काल बँकेत गेलो होतो.' साधी गोष्ट, पुढे काही सांगायचं नाही. तेच इंग्रजीत जातं: 'आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे.' ऐकणारा इंग्रज मग वाट बघत बसतो. बँकेत गेला होतास, मग? कारण त्याच्या 'हॅड गॉन'ला पुढचा प्रसंग लागतो. पाहुणे आले तेव्हा मी बँकेत गेलो होतो, अशी आधीची आणि नंतरची जोडी असली तरच 'हॅड'. नुसतं जाऊन आलात तर 'आय वेंट'. पण आपली 'गेलो होतो, आलो होतो, भेटलो होतो' ही रोजची बोली असल्यामुळे चांगले इंग्रजी माध्यमवाले, मोठ्या पगाराचे, 'हॅविंग'वर खो खो हसणारे लोकसुद्धा 'लास्ट इयर आय हॅड गॉन टू दुबई' म्हणतात आणि त्यांना काहीच खटकत नाही. मला खटकतं, पण मी हसत नाही. फीसुद्धा मागत नाही.

याचंच भावंड ऑफिसच्या मेलमध्ये असतं: 'आय हॅव सेंट द फाइल येस्टरडे.' मराठीत 'मी फाइल कालच पाठवलीय' हे शंभर टक्के शुद्ध आहे. 'पाठवलीय'मध्ये 'आहे' लपलंय, आणि त्याला 'काल'ची अडचण होत नाही. इंग्रजीच्या 'हॅव सेंट'ला मात्र 'येस्टरडे'शेजारी बसवत नाही. दोघांपैकी एकालाच ठेवायचं. 'आय सेंट इट येस्टरडे', नाहीतर 'आय हॅव सेंट इट'.

आणि केस कापायची भानगड. आपण म्हणतो 'मी केस कापले', 'मी दाढ काढली'. कापले न्हाव्याने, काढली डॉक्टरने, हे सांगायची गरज आपल्याला वाटत नाही. इंग्रजीत 'आय रिमूव्हड माय टूथ' म्हटलंत तर समोरच्याला तुम्ही आरशासमोर पक्कड घेऊन उभे दिसता. 'आय हॅड माय टूथ रिमूव्हड', म्हणजे काढून घेतली. 'करून घेणे' आपल्याकडेही आहेच, फक्त आपण ते रोज वापरायचा आळस करतो.

काहीजण म्हणतील, मॅडम, आता भारतीय इंग्रजी ही वेगळीच इंग्रजी आहे, सोडा की. सोडते. मित्रांत, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' खुशाल म्हणा. कुणाचाही गैरसमज होणार नाही, भाऊ दोनच राहतील. मुलाखतीला जाताना ते दुरुस्त करा, कारण समोर बसलेला माणूस तेवढ्यावरून तुम्हाला कमी लेखेल. हे त्याचं चुकतंच, पण नोकरी त्याच्या हातात आहे. माझ्या वर्गात मात्र क्रम उलटा असतो. आधी 'डोन्ट हॅव टू', मग 'हॅड', मग 'हॅव'पुढचं 'येस्टरडे', आणि भाऊ त्यांच्यानंतर. पालकांना हे पटत नाही. 'पोरगं अजून हॅविंग म्हणतंय' अशी तक्रार घेऊन येतात. मी त्यांना सांगते, ते म्हणू दे, त्याला 'यू डोन्ट हॅव टू पे नाऊ' म्हणजे काय ते विचारा.

शेवटचा धडा 'शुड हॅव'चा असतो. तुम्ही कळवायला हवं होतं, 'यू शुड हॅव टोल्ड मी'. इथे मी मुद्दाम एक गोष्ट सांगते. इंग्लंड-अमेरिकेत जन्मलेली, घरी इंग्रजीशिवाय दुसरं काही न बोलणारी कितीतरी माणसं लिहिताना 'शुड हॅव'च्या ऐवजी 'शुड ऑफ' लिहितात, कारण बोलताना दोन्ही जवळपास सारखंच ऐकू येतं. ज्यांच्या आईच्या भाषेत 'हॅव' आहे त्यांचीही ही तऱ्हा. पोरं यावर जाम खूश होतात, आणि मग 'शुड हॅव'ची वाक्यं न कुरकुरता लिहून देतात.