सही करायच्या आधी एकदा रिकामं घर बघून या

बुधवारी आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घराचं खरेदीखत झालं. अभिनंदनाचे फोन येतायत, बरं वाटतंय, पण मला लिहायचंय ते मंगळवारबद्दल.

घर आम्ही आधी दोनदा बघितलेलं, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. मालक तिथंच राहत होते, चहा घेतला, किचन-बेडरूम बघितली, दुसऱ्याच्या कपाटामागं डोकवायचं कसं म्हणून गप्प बसलो. मग इसार दिला, ईसी (घरावर कर्ज-बोजा आहे काय ते दाखवणारा दाखला) काढली, उतारा बघितला, कागद कन्नडमध्ये म्हणून दोघांकडून वाचून घेतले. कागदाला आपण इतकं जपतो, घर मात्र कोण तपासत नाही, हेच मला चुकीचं वाटतं.

मामा खानापूरकडचे, आयुष्य गवंडीकामात गेलं. ते म्हणाले, "पोरी, सामान हललं की बघून ये, पाऊस असतानाच जा." मंगळवारी मी त्यांनाच घेऊन गेले. कपाटाच्या जागी भिंत गुडघ्यापर्यंत काळी पडलेली, मामांनी नख लावलं तर गिलावा ओल्या रव्यासारखा हातात आला. बाहेर त्याच भिंतीला लागून संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. मामांनी झाकण उघडून पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारली, मोटर बंद ठेवली, संध्याकाळी बघतोय तर पाणी चार बोटं खाली! शिवाय ठरलेला गिझर काढून नेलेला, नुसते दोन पाइप लोंबत होते, आणि हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, बिल थकलेलं.

त्याच रात्री मालकांकडे जाऊन बसलो. भांडण नाही काही नाही, संप आणि भिंतीच्या कामाचे पैसे किमतीतून कमी झाले, गिझर परत आला, बिल त्यांनी भरलं. सही होऊन सगळे पैसे पोचल्यावर हे झालं असतं काय?

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं विकणाऱ्यानं त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगायलाच पाहिजे, पण साधी काळजी घेऊन बघितलं असतं तर दिसला असता असा दोष त्यात येत नाही. म्हणजे बघायचं काम आपलंच. बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेतला तर रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं, कलम 14 आहे, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला की बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. आमच्यासारख्या जुन्या घराला ते लागू नाही.

आणि मुहूर्त बघणाऱ्यांनो, मुहूर्त जरूर बघा, आम्हीपण बघितला, पण आदला दिवस घरासाठी मोकळा ठेवा. सगळे नळ एकदम सोडा, प्रत्येक स्विच दाबा, गच्चीवर जाऊन पाणी कुठं तुंबतंय बघा, घरातलं कुणी जाणतं माणूस सोबत न्या. मालकाला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका, आयुष्यभराची कमाई लागलेली असते हो त्यात. नणंदेच्या अनगोळच्या फ्लॅटची खरेदी येत्या शुक्रवारी आहे, गुरुवारी सकाळी मी आणि मामा तिथं जाणार आहोत.